देशी बुद्धिबळातील पहिली खेळी
कोल्हापूरशेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने ज्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धा रुजवल्या, त्यांपूर्वीच्या देशी खेळात प्यादे आरंभीही सामान्यतः एकच घर सरके. त्यामुळे घोड्यापुढचे प्यादे हलवून उंटाला लांब कर्णावर, म्हणजे पटाच्या तिरप्या रेषेवर, बसवणे ही विक्षिप्त नव्हे, तर नियमांतूनच उपजलेली सुरुवात होती. कलकत्त्यात १८५० च्या सुमारास बंगाली खेळाडू महेशचंद्र बंदोपाध्याय यांनी स्कॉटिश बुद्धिबळपटू जॉन कॉक्रेन यांच्याविरुद्ध हीच मांडणी योजली. प्रतिस्पर्ध्याला मध्यभाग व्यापू द्यावा आणि मग दुरून त्यावर मारा करावा, हे तिचे खरे सामर्थ्य युरोपने फार उशिरा, विसाव्या शतकात ओळखले आणि तिला ‘किंग्ज इंडियन’ बचाव म्हणून मान्यता दिली.