शब्दवेध : विवेक

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई मराठी कवी मुकुंदराजांच्या समाधीसाठी ओळखली जाते. परंपरेनुसार शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ मध्ये, त्यांनी रचलेल्या ग्रंथाच्या नावातच विवेक हा शब्द आहे : ‘विवेकसिंधु’. आज विवेक म्हणजे तारतम्य, पण त्याच्या मुळाशी ‘विच्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ वेगळे करणे. ग्रंथही तेच करतो. स्थूल, सूक्ष्म, कारण असे देह एकेक करून बाजूला सारत तो ‘मी’चा शोध घेतो. आत्मज्ञान म्हणजे आधी निवड, मग ओळख.

यावर आक्षेप येईल की हे केवळ अद्वैताचे गणित आहे. ग्रीसमधील डेल्फीच्या मंदिरावरचा स्वतःला ओळखण्याचा आदेश माणसाला त्याच्या मर्यादांची जाणीव देत होता. ब्रह्मैक्याशी त्याचा संबंध नव्हता. हे खरेच आहे. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो पाहा. अब्राहामचा पिता तेरह खाल्डिया सोडून हारानला आला, यात फिलोला आकाशातल्या ताऱ्यांकडून स्वतःच्या इंद्रियांकडे वळणे दिसले. तेरहमध्ये त्याने स्वतःला ओळखू पाहणारा सॉक्रेटिसच पाहिला. अब्राहाम त्याही पुढे गेला : स्वतःचे शून्यत्व उमगल्यावरच त्याला ईश्वर कळला.

मुक्काम वेगळे, पहिले पाऊल मात्र एकच : जे आपण नाही ते वेगळे काढणे. म्हणून विवेकाला नुसते शहाणपण समजू नये. ती स्वतःचीच कठोर तपासणी आहे.