रॅम वापरून हार्ड डिस्क १० पट वेगवान होते का? डिस्क कॅशिंगचं गणित समजून घ्या

'एक सॉफ्टवेअर टाका आणि जुनी हार्ड डिस्क रॉकेटसारखी पळवा', असे दावे करणारे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. स्क्रीनवर डिस्कचा वेग सेकंदाला १५० एमबीवरून थेट ५,००० एमबीच्या पुढे गेलेला दिसतो. एकही स्क्रू न उघडता, एकही नवा पार्ट न लावता!

हा आकडा खोटा नसतो, पण तो आकडा डिस्कचाही नसतो. मग तो नेमका कशाचा? आणि असं सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरमध्ये टाकावं का?

डिस्क मुळात हळू का असते?

हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरत असते. ७,२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. शिवाय हेडला योग्य जागी सरकायलाही वेळ लागतो. सगळं मिळून एका मागणीला साधारण १२ मिलिसेकंद धरा.

रॅममध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथे हेच काम साधारण १०० नॅनोसेकंदांत होतं. हा फरक डोळ्यासमोर येत नाही, म्हणून असा विचार करा: रॅमला एखादी गोष्ट शोधायला १ सेकंद लागला, तर एसएसडीला १५-२० मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कला सुमारे ३३ तास!

कॅशिंग म्हणजे काय?

रोज लागणारा चहा-साखरेचा डबा आपण माळ्यावर ठेवत नाही, ओट्यावर ठेवतो. माळ्यावर जागा भरपूर असते, पण दर वेळी स्टूल घेऊन कोण चढणार? कॅशिंग सॉफ्टवेअर हेच करतं. डिस्कवरून एकदा वाचलेली माहिती ते रॅमच्या राखीव भागात ठेवतं. तीच माहिती पुन्हा मागितली की डिस्कपर्यंत जायची गरजच पडत नाही.

कल्पना जुनीच आहे. एमएस-डॉस आणि विंडोज ३.० च्या काळात मायक्रोसॉफ्टचा 'स्मार्टड्राइव्ह' हेच काम करायचा. आज विंडोजसाठी 'प्रिमोकॅश'सारखी सॉफ्टवेअर मिळतात. सॅमसंगनेही आपल्या काही एसएसडींसाठी 'रॅपिड मोड' नावाची अशीच सोय दिली होती.

मग वेग किती वाढतो?

रॅम लाखपटीने वेगवान आहे, म्हणून कॉम्प्युटर लाखपट पळेल असं नाही. १०० वेळा माहिती मागितली आणि प्रत्येक वेळी डिस्ककडे जावं लागलं, तर १,२०० मिलिसेकंद लागतील. त्यातल्या ९० मागण्या रॅममधूनच भागल्या, तर उरलेल्या १० साठी १२० मिलिसेकंद. म्हणजे काम १० पट लवकर झालं. पण फक्त ५० मागण्याच रॅममधून भागल्या, तर काम जेमतेम दुप्पट वेगानं होतं.

थोडक्यात, रॅम किती वेगवान आहे यापेक्षा हवी ती गोष्ट रॅममध्ये किती वेळा सापडते, हे महत्त्वाचं.

व्हिडिओतल्या त्या आकड्याचं रहस्यही इथेच आहे. वेग मोजणारं सॉफ्टवेअर एक छोटी फाइल पुन्हा पुन्हा लिहितं आणि वाचतं. ती अख्खी फाइल रॅममध्ये मावते. त्यामुळे स्क्रीनवर दिसतो तो रॅमचा वेग, डिस्कचा नाही.

फायदा कुणाला, कुणाला नाही?

त्याच त्या फाइल्स दिवसभर उघडणाऱ्यांना फायदा जाणवतो. फोटोंचा एकच फोल्डर पुन्हा पुन्हा चाळणं, मोठा प्रोग्राम सतत कंपाइल करणं, डेटाबेसवर काम करणं ही अशी कामं. मात्र एखादा सिनेमा एकदाच बघायचा असेल, तर कॅशचा उपयोग शून्य, कारण पहिल्यांदा माहिती डिस्कवरूनच यावी लागते. कॉम्प्युटर बंद केला की रॅम रिकामी होते, म्हणून सकाळी सुरू करताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही मोकळी रॅम स्वतःहून कॅशसाठी वापरतात. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर क्लिक करा आणि 'कॅश्ड' हा आकडा बघा. ती रॅम आधीच या कामाला लागलेली असते आणि एखाद्या प्रोग्रामला गरज पडली की लगेच मोकळी होते. वेगळं सॉफ्टवेअर मात्र ठरावीक रॅम स्वतःकडे अडवून ठेवतं. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये त्यातली १ जीबी अडली, तर बाकी प्रोग्रामना जागा कमी पडते. मग विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर हलवायला लागतं आणि लॅपटॉप आणखी हळू होतो.

खरा धोका कुठे आहे?

वाचनाचं कॅशिंग त्यामानाने सुरक्षित असतं, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. धोका आहे तो लिहिण्याच्या कॅशिंगमध्ये.

किराणा दुकानदार दिवसभराचा हिशोब कच्च्या वहीत लिहितो आणि रात्री पक्क्या खतावणीत उतरवतो. यात वेळ वाचतो. पण मधेच कच्ची वही हरवली, तर खतावणीत त्या दिवसाची नोंदच नाही. लिहिण्याच्या कॅशिंगमध्ये तुम्ही 'सेव्ह' करता, स्क्रीनवर 'सेव्ह झालं' असं दिसतं, पण फाइल काही सेकंद फक्त रॅममध्येच असते. तेवढ्यात लाइट गेली, तर ते काम गेलं. डिस्कवरच्या फाइल्सची यादीच अर्धवट लिहिली गेली असेल, तर जुन्या फाइल्सही बिघडू शकतात.

हे पूर्वी घडलेलं आहे. १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६.० मध्ये स्मार्टड्राइव्हचं लिहिण्याचं कॅशिंग आपोआप सुरू असायचं. काम संपल्यासारखं दिसताच लोक कॉम्प्युटरचं बटण बंद करायचे आणि न लिहिलेला डेटा जायचा. त्याच वर्षी आलेल्या ६.२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टला ही सोय सुरुवातीपासून बंद ठेवावी लागली. पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करायला सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे.

मग करायचं काय?

- कॉम्प्युटरमध्ये अजून हार्ड डिस्क असेल आणि थोडा खर्च जमत असेल, तर आधी एसएसडी बसवा. तिचा फायदा पहिल्या क्लिकपासून मिळतो आणि रोज मिळतो.
- रॅम ८ जीबी किंवा त्याहून कमी असेल, तर कॅशिंग सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. विंडोजचं स्वतःचं कॅशिंग पुरेसं आहे.
- रॅम १६ किंवा ३२ जीबी असेल आणि त्यातली बरीच रिकामी राहत असेल, तर फक्त वाचनाचं कॅशिंग सुरू करून आठवडाभर बघा. सॉफ्टवेअर 'हिट रेट' दाखवतं. तो कमी असेल, तर सॉफ्टवेअर काढून टाका.
- लिहिण्याचं कॅशिंग सुरू करायचंच असेल, तर डेस्कटॉपला यूपीएस हवा, लॅपटॉपची बॅटरी धड हवी आणि महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप दुसरीकडे हवा.
- विंडोजच्या डिस्क सेटिंगमध्ये 'राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा' असा पर्याय असतो. डिस्कला वेगळा वीजपुरवठा नसेल, तर त्या चौकटीत टिक करू नका.

पुढच्या वेळी ५,००० एमबीचा स्क्रीनशॉट कुणी फॉरवर्ड केला, तर एकच प्रश्न विचारा: हा वेग पहिल्यांदा फाइल उघडतानाचा आहे, की दुसऱ्यांदा?