सतराव्या चालीला दिलेला वजीर

आजचा भाग दुरुस्तीचा आहे, आणि दुरुस्ती माझीच आहे. बॉबी फिशरनं तेराव्या वर्षी वजीर देऊन जिंकलेल्या डावाची गोष्ट मी पूर्वी एकदा सांगितली होती. ‘पोराची हिंमत बघा’ अशा सुरात सांगितली होती. मग इंदूरहून एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी ते ऐकल्यापासून प्रत्येक डावात वजीर देते आणि प्रत्येक डाव हरते. पत्रात तक्रार नव्हती, साधा प्रश्न होता : फिशरनं दिलेला वजीर आणि हिनं दिलेला वजीर, यात फरक काय? मी पट मांडला, डाव सावकाश खेळून पाहिला, आणि गोष्ट आपण चुकीची सांगितली हे लक्षात आलं.

आधी या मोहऱ्याबद्दल. इंग्रजीत ज्याला राणी म्हणतात, तो आपला वजीर. जुन्या चतुरंगात तो राजाचा मंत्री होता, फारसीत त्याला फर्झीन म्हणत. राजाच्या शेजारी उभा, पण दुबळा. तिरपं एक घर, एवढीच त्याची चाल. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली, तरी शतकानुशतकं चाल तीच राहिली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ती बदलली. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १४७५च्या सुमारास लिहिलेल्या एका कवितेत नव्या चालीचा डाव सापडतो. उभं, आडवं, तिरपं, हवं तेवढं धावणारा हा मोहरा तेव्हापासून पटावरचा सर्वांत बलवान झाला. वजीर देणं ही बातमी झाली ती तेव्हापासून. जुन्या खेळात तो गेला असता तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं.

आता न्यू यॉर्क. १७ ऑक्टोबर १९५६, मार्शल चेस क्लब, रोझेनवाल्ड स्पर्धा. पांढरी मोहरी डोनाल्ड बर्नकडे. वय २६, १९५३ची अमेरिकी खुली स्पर्धा जिंकलेला. काळी मोहरी फिशरकडे. त्याच वर्षी तो अमेरिकेचा ज्युनियर विजेता झाला होता. वाचणाऱ्यांनी शेजारी पट मांडावा. पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच या उभ्या पट्ट्या आणि त्याच्याकडून वर १ ते ८ या आडव्या ओळी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

डावाचं बी अकराव्या चालीत आहे. बर्ननं अजून किल्लेकोट केलेला नाही, त्याचा राजा मधोमध उभा आहे. अशा वेळी नवं मोहरं बाहेर काढायचं सोडून त्यानं एकदा खेळलेलाच उंट पुन्हा हलवला आणि जी५वर नेला. एक चाल वाया गेली. फिशरनं लगेच घोडा ए४वर टाकला. तो घोडा मारता येत होता, पण मारला तर मधलं ई४चं प्यादं जातं, ई पट्टी उघडते आणि पांढऱ्या राजाला तोंड लपवायला जागा उरत नाही. बर्ननं घोडा मारला नाही. तरी ते प्यादं गेलंच आणि पुढच्या चार चालींत ई पट्टीही उघडली. सोळाव्या चालीला काळ्या हत्तीनं ई८वरून शह दिला, राजा एफ१वर सरकला, आणि एच१चा पांढरा हत्ती कोपऱ्यात अडकला.

आता पाहा. फिशरचा वजीर बी६वर आहे आणि सी५च्या पांढऱ्या उंटाच्या माऱ्यात आहे. त्याचा घोडा सी३वर आहे आणि ए३च्या पांढऱ्या वजिराच्या माऱ्यात आहे. म्हणजे एकाच वेळी दोन मोहरी संकटात. वजीर मागे घेतला तर घोडा जातो. घोडा बी५वर नेऊन पांढऱ्या वजिरावर उलटा मारा केला तर वरकरणी सगळं सावरतं; पण मग पांढरा उंट एफ७चं प्यादं मारतो, काळ्या राजाला बाहेर ओढतो आणि त्यानंतरच्या सक्तीच्या चालींत काळ्याचं एक मोहरं जातं. मी ‘हिंमत’ म्हणून सांगितली होती ती जागा ही. वजीर सुखरूप होता आणि पोरानं उधळला, असं मुळीच नव्हतं. तो वाचवायला गेलं तरी किंमत द्यावीच लागत होती.

फिशर खेळला ते उंट ई६. वजीर होता तिथेच ठेवला. बर्नपुढे मोठ्या दोनच वाटा होत्या. पहिली, ई६चा उंट मारायचा. मारला तर काळा वजीर बी५वरून शह देतो, घोडा नाचत नाचत दुहेरी शहापर्यंत येतो, वजीर एफ१वर जाऊन स्वतःला मारून घेतो, आणि आपल्याच हत्ती-प्याद्यांत कोंडलेल्या राजाला घोडा मात देतो. दुसरी वाट, वजीर मारायचा. बर्ननं तो मारला.

मग काळा उंट सी४चा उंट मारून शह देतो आणि राजा जी१वर जातो. यानंतर घोडा राजाला दोन घरांत झुलवतो. ई२वरून घोड्याचा शह, राजा एफ१वर. घोडा बाजूला झाला की मागच्या उंटाचा शह, राजा पुन्हा जी१वर. या येरझारांत डी४चं प्यादं गेलं. मग काळ्या प्याद्यानं बी६वरचा उंट मारला, त्यासरशी ए पट्टी उघडली आणि पांढरा वजीर काळ्या हत्तीच्या माऱ्यात आला. तो पळाला तसा डी१चा हत्ती गेला, पाठोपाठ ए२चं प्यादं. हिशेब मांडू. वजीर ९, हत्ती ५, उंट ३, प्यादं १, असं साधारण मोल धरतात. एका वजिराच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट, एक प्यादं. नऊला बारा.

आकड्यांपेक्षा शेवटची स्थिती जास्त बोलते. पांढरा वजीर बत्तिसाव्या चालीला बी८वर गेला आणि डाव संपेपर्यंत हललाच नाही. शेवटच्या नऊ चाली पटावरचं सर्वांत बलवान मोहरं नुसतं बघत उभं होतं, आणि खाली एक हत्ती, दोन उंट आणि एक घोडा मिळून त्याच्या राजाला सी१च्या घरात कोंडत होते. एक्केचाळिसाव्या चालीला मात झाली. एवढ्या पातळीचे खेळाडू सहसा आधीच डाव सोडतात. बर्ननं तो शेवटपर्यंत खेळू दिला.

हान्स क्मोख यांनी ‘चेस रिव्ह्यू’त या डावाला शतकातला डाव म्हटलं. शतक संपायला तेव्हा ४४ वर्षं होती, तरी नाव टिकलं. नाव टिकलं तशी एक गोष्ट मागे पडली : त्या स्पर्धेत फिशरला ११ डावांत साडेचार गुण मिळाले. म्हणजे बाकीच्या डावांत तो भरपूर हरला. नुसत्या धाडसानं जिंकता आलं असतं तर त्या डावांतही जिंकला असता. १७ ऑक्टोबरला त्याच्या हाती एक स्थिती आली, आणि तिच्यातली प्रत्येक वाट त्यानं शेवटपर्यंत मोजली. ते मोजणं मी माझ्या गोष्टीतून गाळलं होतं.

इंदूरला मी उत्तर पाठवलं. मुलीला सांगा, हा डाव पटावर मांड आणि काळ्याच्या सतराव्या चालीला थांब. तिथे वजीर देऊ नकोस, वाचवून बघ. जमेल त्या प्रत्येक रीतीनं वाचवून बघ आणि दर वेळी काय गमावलं ते वहीत लिही. मग पुढची चाल तिची तिला दिसेल.

पुढच्या भागात भेटू.