द ग्रेट डिबेटर्स

द ग्रेट डिबेटर्स हा २००७ साली प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील अमेरिकन चरित्रपट आहे. टेक्सास राज्यातील मार्शल या गावच्या वायली कॉलेजचा वादविवाद संघ आणि त्याचे मार्गदर्शक, कवी व प्राध्यापक मेल्विन बी. टॉल्सन, यांच्या १९३५ सालच्या वाटचालीवर तो बेतलेला आहे. चित्रपटाचे दिग्दर्शन डेन्झेल वॉशिंग्टन यांनी केले असून टॉल्सन यांची भूमिकाही त्यांनीच साकारली आहे. ऑप्रा विन्फ्री यांच्या हार्पो प्रॉडक्शन्सचा निर्मितीत सहभाग होता. २५ डिसेंबर २००७ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला.

पार्श्वभूमी

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. त्यामुळे दक्षिणेकडील राज्यांतील वांशिक विलगीकरणाला घटनात्मक आधार मिळाला. शाळा, आगगाडीचे डबे, उपाहारगृहे, पाणी पिण्याचे नळ अशा सर्व ठिकाणी कृष्णवर्णीयांसाठी वेगळी व्यवस्था असे. ती वेगळी असली तरी समान क्वचितच होती. श्वेतवर्णीयांच्या विद्यापीठांची दारे बंद असल्याने कृष्णवर्णीय तरुणांचे उच्च शिक्षण प्रामुख्याने त्यांच्यासाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांत होई. मेथडिस्ट चर्चच्या प्रयत्नांतून १८७३ साली स्थापन झालेले वायली कॉलेज हे त्यांपैकी एक. या विलगीकरणाच्या जोडीला झुंडबळीची दहशत होती. जमावाने एखाद्या कृष्णवर्णीयास पकडून ठार करावे आणि कोणालाही शिक्षा होऊ नये, असे प्रकार दक्षिणेत वारंवार घडत. हा संदर्भ लक्षात घेतला नाही, तर चित्रपटातील वादविवाद केवळ महाविद्यालयीन स्पर्धा वाटण्याची शक्यता आहे.

कथानक

टॉल्सन चाचणी घेऊन चार विद्यार्थ्यांची निवड करतात: अनुभवी हॅमिल्टन बर्जेस, बुद्धिमान पण बेबंद हेन्री लो, वकील होण्याची आकांक्षा बाळगणारी समॅन्था बुक आणि अवघ्या चौदा वर्षांचा जेम्स फार्मर ज्युनिअर. जेम्सचे वडील त्याच महाविद्यालयात अध्यापन करणारे विद्वान धर्मोपदेशक आहेत. ही भूमिका फॉरेस्ट व्हिटेकर यांनी, तर मुलाची भूमिका डेन्झेल व्हिटेकर यांनी केली आहे. आडनाव एक असले तरी या दोन अभिनेत्यांचे नाते नाही.

वडिलांच्या मोटारीखाली एका श्वेतवर्णीय शेतकऱ्याचे डुक्कर येते, तो प्रसंग चित्रपटातील उत्कृष्ट प्रसंगांपैकी आहे. अनेक भाषा जाणणारा हा पंडित बायकामुलांदेखत बंदूकधारी शेतकऱ्यापुढे मान खाली घालतो आणि आपल्या पगाराचा धनादेश त्याच्या हवाली करतो. मुलगा ते सारे पाहतो. पुढे टॉल्सन यांना अटक होते तेव्हा हेच वडील शेरीफसमोर ठामपणे उभे राहून त्यांची सुटका करवितात. त्यामुळे आधीच्या प्रसंगातील शरणागतीकडे प्रेक्षकाला वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

टॉल्सन यांच्या अटकेचे कारण त्यांचे गुप्त कार्य असते. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय शेतकऱ्यांची ते संघटना बांधत असतात. त्यांच्या या राजकारणामुळे बर्जेस संघ सोडतो. उरलेले तिघे मात्र एकामागून एक सामने जिंकत जातात. ओक्लाहोमातील श्वेतवर्णीय महाविद्यालयाशी होणारा वाद त्या महाविद्यालयाच्या आवारात न होता बाहेर तंबूत होतो. राज्याच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यावा की नाही, हाच त्याचा विषय असतो. एका रात्री प्रवासात संघाची मोटार झुंडबळीच्या जागी येऊन पोहोचते. जमावाच्या तावडीतून सर्व जण कसेबसे निसटतात, पण त्या दृश्याने तिघेही हादरून जातात. त्यानंतर हॉवर्ड विद्यापीठात त्यांचा पराभव होतो. अखेर हार्वर्ड विद्यापीठाचे निमंत्रण येते. जामिनाच्या अटीमुळे टॉल्सन यांना राज्य सोडता येत नसल्याने विद्यार्थी एकटेच जातात.

अंतिम वादविवाद

हार्वर्डमधील वादाचा विषय सविनय कायदेभंग हा न्यायाच्या लढ्यातील नैतिक मार्ग आहे की नाही, असा असून वायलीचा संघ अनुकूल बाजू मांडतो. भारतीय प्रेक्षकांना हा भाग विशेष जवळचा वाटतो, कारण जेम्स आपल्या मांडणीची सुरुवात १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडाने करतो. जनरल डायरच्या गोळीबाराला गांधीजींनी हिंसेने नव्हे, तर असहकाराने उत्तर दिले, असा त्याचा युक्तिवाद आहे. कायद्याचे राज्य खिळखिळे करणारी गोष्ट नैतिक असू शकत नाही, असे प्रतिपक्ष म्हणतो. त्यावर जेम्स डोळ्यांनी पाहिलेल्या झुंडबळीचे वर्णन करतो आणि जिथे कायदा आपले रक्षणच करीत नाही तिथे कायद्याचे राज्य कोठे आहे, असा प्रश्न विचारतो. अन्यायाला हिंसेने किंवा कायदेभंगाने विरोध करण्याचा आपल्याला हक्क आहे आणि आपण दुसरा मार्ग निवडावा अशी इतरांनी प्रार्थना करावी, या आशयावर तो भाषण संपवतो.

वास्तव आणि चित्रपट

वायलीच्या संघाने १९३५ साली ज्यांच्याशी गाजलेला वाद केला, ते राष्ट्रीय विजेते हार्वर्डचे नव्हते. ते कॅलिफोर्नियातील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचे होते. हार्वर्ड हे नाव प्रेक्षकांच्या मनावर अधिक ठसते, म्हणून हा बदल केल्याचे समर्थन करता येईल. परंतु एक अधिक महत्त्वाची गोष्ट चित्रपटातून वगळली गेली आहे. महाविद्यालयीन वादपटूंच्या राष्ट्रीय संघटनेत कृष्णवर्णीयांना दुसऱ्या महायुद्धानंतरच प्रवेश मिळाला. त्यामुळे विजेत्यांना हरवूनही वायलीच्या संघाला अधिकृतपणे विजेता म्हणवून घेता आले नाही. पडद्यावर टाळ्यांच्या गजरात मिळणारे यश वास्तवात नाकारलेले होते, आणि विलगीकरणाचा अर्थ या नकारातून जितका उलगडतो तितका चित्रपटातील शेवटातून उलगडत नाही.

पात्रांपैकी टॉल्सन आणि फार्मर पितापुत्र या प्रत्यक्षातील व्यक्ती होत. समॅन्था बुक हे पात्र हेन्रिएटा बेल वेल्स यांच्यावरून सुचलेले आहे. त्या १९३० साली संघात दाखल झालेल्या एकमेव विद्यार्थिनी होत्या व त्याच वर्षी शिकागो येथे मिशिगन विद्यापीठाच्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांविरुद्ध झालेल्या वादात सहभागी झाल्या होत्या. २००८ मध्ये, चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर थोड्याच काळात, त्यांचे निधन झाले. हेन्री लो हे पात्र काल्पनिक आहे. संघातील प्रत्यक्ष वादपटू होबार्ट जॅरेट यांनी श्वेतवर्णीय संघांशी झालेल्या सामन्यांचे अनुभव १९३५ साली ‘द क्रायसिस’ या नियतकालिकात लिहिले होते.

सविनय कायदेभंगाचा विषय चित्रपटकर्त्यांनी योजलेला असला, तरी जेम्स फार्मर ज्युनिअर यांच्या पुढील आयुष्याशी तो तंतोतंत जुळतो. हॉवर्ड विद्यापीठात त्यांना हॉवर्ड थर्मन हे गुरू लाभले. थर्मन यांनी १९३६ साली भारतात गांधीजींची भेट घेतली होती. १९४२ साली फार्मर यांनी सहकाऱ्यांसह ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी’ ही संघटना स्थापन केली. गांधीजींच्या सत्याग्रहतंत्राविषयी कृष्णलाल श्रीधराणी यांनी लिहिलेला ग्रंथ या संघटनेत अभ्यासला जाई. मे १९६१ मध्ये आंतरराज्य बसगाड्यांतील विलगीकरण मोडण्यासाठी निघालेल्या ‘फ्रीडम राइड्स’चे नेतृत्व फार्मर यांनी केले. त्या यात्रेतच वडिलांच्या मृत्यूची बातमी आल्याने त्यांना अंत्यविधीसाठी परतावे लागले. नंतर ते पुन्हा यात्रेत सामील झाले व मिसिसिपीमध्ये तुरुंगात गेले. १९९८ साली त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

टॉल्सन १९४७ पर्यंत वायलीत होते. त्यानंतर ते ओक्लाहोमातील लँग्स्टन विद्यापीठात गेले. त्याच वर्षी लायबेरिया देशाने त्यांना राजकवी म्हणून गौरविले. ‘हार्लेम गॅलरी’ हे त्यांचे दीर्घकाव्य १९६५ साली प्रसिद्ध झाले. चित्रपटात त्यांचा कवी हा पैलू काहीसा मागे पडला आहे.

निर्मिती व प्रतिसाद

टोनी शर्मन यांनी १९९७ साली ‘अमेरिकन लेगसी’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखावरून चित्रपटाची कल्पना आकाराला आली. पटकथा रॉबर्ट आयझेल यांची आहे. ‘अँटवोन फिशर’नंतर वॉशिंग्टन यांनी दिग्दर्शित केलेला हा दुसरा चित्रपट. नाट्यपट विभागात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे गोल्डन ग्लोब नामांकन मिळाले. समीक्षक रॉजर इबर्ट यांनी त्याला चारपैकी चार तारे दिले. कथेची मांडणी क्रीडापटांच्या ठरीव वळणाची असल्याचा आक्षेपही घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नाही. वायलीच्या वाट्याला जवळजवळ प्रत्येक वेळी आजच्या प्रेक्षकाला पटणारीच बाजू येते. खऱ्या वादपटूला मात्र दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते.

चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्यात वॉशिंग्टन यांनी वायली कॉलेजला १० लाख डॉलरची देणगी जाहीर केली. मधल्या काळात बंद पडलेला महाविद्यालयाचा वादविवाद संघ त्या निधीतून पुन्हा सुरू करण्यात आला.