पॉम्पेईला गेलेली मूर्ती

नेपल्सहून निघणाऱ्या सहलीत पॉम्पेई आणि व्हेसुव्हिअस एका दिवसात उरकतात. गाइडबाई घड्याळ पाहत पुढे, आम्ही मागे.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडले गेलेले हे शहर. फरसबंदी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या अजून खोल दिसतात. पण पाय थबकतात ते माणसांपाशी. देह कुजून गेले, घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ साली जुझेप्पे फियोरेल्ली यांनी त्यांत प्लास्टर ओतले आणि शेवटच्या क्षणीची माणसे परत दिसू लागली. सगळे फोटो काढत होते. मला काही कॅमेरा उघडवेना. मय्यतीला गेलेला माणूस फोटो काढतो का?

दुपारी डोंगर चढलो. १,२८१ मीटर उंची, विवराच्या काठाला कुठे कुठे वाफ. १९४४ नंतर तो गप्प आहे. पायथ्याशी लाखोंची वस्ती.

माझे मन मात्र १९३८ साली पॉम्पेईतल्या एका घरात सापडलेल्या हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्तीत अडकले होते. तिला लक्ष्मी म्हणतात. काहींच्या मते ती यक्षी. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली, म्हणून हीसुद्धा सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. वीतभर उंचीची बाई समुद्र ओलांडून गेली आणि परक्यांच्या राखेत त्यांच्याबरोबरच गाडली गेली!

गाइडबाईंना विचारले. म्हणाल्या, "ती नेपल्सच्या संग्रहालयात. आपल्या सहलीत नाही."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तिकडे गेलो.