उरलेला रंग: कसा ठेवावा आणि पुन्हा वापरण्याआधी कसा तपासावा

रमजानच्या आधी, शाबान महिन्यात आपल्या मोहल्ल्यांत घराघरांत रंगकाम निघतं. पेंटर सांगतो त्यापेक्षा लिटर-दोन लिटर रंग जास्तच आणला जातो. काम संपलं की उरलेला डबा कुणीतरी पोटमाळ्यावर किंवा जिन्याखाली सरकवून देतं. पुढे लाइटच्या बोर्डाजवळ हाताचे डाग पडतात, पावसाळ्यात एखादा कोपरा फुगतो, तेव्हा त्या डब्याची आठवण होते. उघडावा तर आत कधी दगड झालेला असतो, तर कधी नाक धरून बाहेर पळावं लागतं.

आमच्याही घरी हेच झालं. क्रीम रंगाची अर्धी बादली दोन उन्हाळे पत्र्याच्या खोलीत पडून होती. ईदच्या तोंडावर उघडली तर आंबूस, सडका वास आला. "पंखा लावू, वास जाईल" म्हणून आम्ही तो रंग एका भिंतीला मारला. वास गेला नाहीच. पावसाळी हवा झाली की भिंत पुन्हा वास मारायची. शेवटी भिंत खरवडून, प्रायमर मारून नव्याने रंगवावी लागली. दोनशे-तीनशे रुपयांचा रंग वाचवायला गेलो आणि मजुरीसकट दुप्पट-तिप्पट खर्च झाला.

म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत. उरलेला रंग फेकणं म्हणजे इसराफ, आणि खराब रंग भिंतीला मारणं हा त्याहून मोठा इसराफ. या दोन्हींतून वाचायचं तर काम संपलं त्याच संध्याकाळी दहा मिनिटं द्यावी लागतात.

आधी रंग ओळखा

आपल्याकडे घरात साधारण चार प्रकारचा माल उरतो.

पहिला, पाण्यात कालवायचा रंग: प्लास्टिक पेंट (म्हणजेच इमल्शन) आणि बादलीतला ओला डिस्टेंपर. हा प्लास्टिकच्या डब्यात किंवा बादलीत येतो आणि ब्रश पाण्याने धुता येतो.

दुसरा, ऑइल पेंट: दारं, खिडक्या, ग्रिल, गेट, शाळेचे बाक यांना लागतो. पत्र्याच्या डब्यात येतो, त्यात टर्पेंटाइन घालतात.

तिसरा, कोरडी पावडर: पुट्टी, पांढरा सिमेंट, कोरडा डिस्टेंपर.

चौथा, चुना.

हे प्रकार वेगवेगळ्या कारणांनी खराब होतात, म्हणून त्यांची काळजीही वेगळी.

रंग खराब का होतो?

ऑइल पेंट भिंतीवर किंवा दारावर सुकतो तो नुसता द्राव उडून गेल्यामुळे नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. हीच क्रिया डब्यातही होते. डबा अर्धा रिकामा असेल तर आत अर्धा डबा हवा असते, आणि रंगावर दुधासारखी साय धरते. हवा जितकी जास्त, तितकी साय जाड.

पाण्याच्या रंगाची गोष्ट वेगळी. त्यात पाणी आणि घट्टपणा देणारे पदार्थ असतात, त्यावर जिवाणू वाढू शकतात. कंपनी ते वाढू नयेत म्हणून औषध घालते, पण आपण मळका ब्रश बुडवला, हौदाचं पाणी ओतलं, भिंतीचा कचरा आत पडू दिला की ते औषध कमी पडतं. मग रंग आंबतो. म्हणून पाणी घालून पातळ केलेला रंग कधीच मूळ बादलीत परत ओतू नये. पातळ केलेला रंग 24 तासांत संपवावा, अशी सूचना कंपन्यांच्या माहितीपत्रकात असते.

चुन्याचं उत्तर आपल्या आजी-आजोबांना माहीत होतं. विरवलेला चुना ते माठात ठेवायचे आणि वर चार बोटं पाणी राखायचे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना कडक होतो. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून असा चुना वर्षानुवर्षं मऊ राहतो. तंबाखूवाल्यांच्या डबीतला चुना झाकण उघडं राहिलं की कसा खडा होतो, ते सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. हवा बंद ठेवायची, हा नियम रंगालाही लागू आहे.

आपल्याकडचा खरा शत्रू: उन्हाळा

थंड देशांत रंग गोठून खराब होतो. आपल्याकडे ती भीती नाही. तेलगाव, धारूर, माजलगाव या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखाली तर त्याहून जास्त तापतं. अलीकडची काही वर्षं रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आहे. म्हणजे ईदला उरलेला रंग ठेवला की लगेच त्याच्यावर दोन महिने ऊन. त्यात आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला दिवाळीच्या आसपास जातात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. बंद घरात, पत्र्याला टेकून ठेवलेला डबा कुणी बघत नाही.

कंपन्या न उघडलेल्या प्लास्टिक पेंटची मुदत बहुधा तीन वर्षांपर्यंत सांगतात, पण ती मूळ डबा घट्ट बंद आणि ऊन-उष्णतेपासून दूर असेल तर. उघडलेला डबा नीट ठेवला तर वर्ष-दोन वर्षं चालतो, ऑइल पेंट त्याहून जास्तही टिकतो. पत्र्याखाली ठेवलेल्या डब्याचा मात्र काहीच भरवसा नाही.

त्याच संध्याकाळी करायची कामं

1. डब्याच्या काठावरचा आणि खोबणीतला रंग ओल्या फडक्याने पुसा. ऑइल पेंट असेल तर फडक्याला थोडं टर्पेंटाइन लावा. खोबणीत रंग सुकला की झाकण पुन्हा कधीच नीट बसत नाही.

2. रंग अर्ध्याहून कमी असेल तर छोट्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. डबा जवळजवळ काठोकाठ भरला पाहिजे. ऑइल पेंटसाठी पत्र्याचा किंवा काचेचा डबा घ्या, साध्या प्लास्टिकचा नको.

3. पाण्याच्या रंगावर जाड प्लास्टिकचा गोल तुकडा कापून टेकवा, मग झाकण लावा. ऑइल पेंटवर जुने पेंटर चमचाभर टर्पेंटाइन सोडतात आणि न ढवळता झाकण लावतात. त्यामुळे साय उशिरा धरते.

4. पत्र्याच्या झाकणावर थेट हातोडी मारू नका, झाकण वाकतं. वर लाकडाची फळी ठेवून चारी बाजूंनी हळूहळू ठोका.

5. डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा: कंपनी, शेडचं नाव आणि नंबर, कोणती खोली, कोणत्या महिन्यात उघडला. शेडच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रंग संपला तरी तीच शेड पुन्हा बनवून घेता येते.

6. जागा निवडताना खालच्या मजल्यावरचा, पक्क्या छताखालचा, सावलीतला कोपरा बघा. डबा जमिनीवर नको, ओलीने पत्रा गंजतो. विटांवर किंवा फळीवर ठेवा. गॅस, चूल, देगची भट्टी यांच्या जवळ ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन कदापि ठेवू नका.

पुट्टी आणि पांढऱ्या सिमेंटची पिशवी दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून कोरड्या जागी ठेवा. ओल लागली आणि त्यात बोटाने न फुटणारे खडे झाले, की ती पुट्टी गेली. चाळून बारीक केली तरी भिंतीला नीट धरत नाही.

वापरण्याआधी पाच तपासण्या

पहिली, डबा बघा. झाकण फुगलंय का? आतून गंज सुटलाय का? गंजाचे कण रंगात पडले असतील तर भिंतीवर तांबूस ठिपके उठतात.

दुसरी, वास घ्या. नवीन रंगाचा वास ओळखीचा असतो. आंबलेल्या ताकासारखा, कुजलेल्या अंड्यासारखा वास आला किंवा वर बुरशी दिसली तर पाण्याचा रंग तिथेच बाजूला करा. फिनाइल, अत्तर, सुगंधी पावडर घालून तो सुधारत नाही.

तिसरी, ढवळा. वर पाणी किंवा तेल आणि खाली गाळ, एवढं होणं साहजिक आहे. काठीने तळापासून पाच-सात मिनिटं ढवळा. एकजीव झाला तर चांगला. तळाचा गोळा रबरासारखा उचलून येत असेल किंवा दह्यासारखे फुटलेले कण तसेच राहत असतील तर रंग गेला.

ऑइल पेंटवर साय असेल तर ती फोडून ढवळू नका. चाकूने कडेने कापून अख्खी उचला, मग रंग मलमलच्या जुन्या कापडातून गाळा. खालचा रंग बहुतेक वेळा ठीक असतो.

चौथी, कागदावर ओढा. पुठ्ठ्यावर ब्रशने पट्टा मारा. कण दिसतात का, पट्टा ओघळतो का, बघा.

पाचवी, भिंतीवर वीतभर जागेत मारा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. सुकल्यावर बोटाने घासा. पावडर हाताला लागली, पोपडा सुटला किंवा चिकटपणा राहिला तर तो रंग घेऊ नका. शेडही इथेच कळते. जुनी भिंत उन्हाने फिकी झालेली असते, त्यामुळे तोच रंग ठिगळासारखा दिसू शकतो. अशा वेळी मधेच डाग न मारता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्यावी.

जुना ऑइल पेंट आणि शिसं

ही तपासणी डोळ्यांनी होत नाही, म्हणून वेगळी सांगतो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम 2016 साली निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खासकरून पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा अशा भडक रंगांत, शिसं बरंच जास्त असू शकतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक आहे आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

म्हणून त्याआधीचा डबा घरात सापडला तर तो कितीही ताजा दिसला तरी पाळणा, खेळणी, खिडक्या, शाळेचे किंवा मकतबचे बाक यांना लावू नका. जुन्या दाराचा रंग कोरडा घासू नका. पाणी शिंपडत ओल्या पॉलिश पेपरने घासा, मुलांना लांब ठेवा आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने उचला.

पाण्याच्या बाटलीत टर्पेंटाइन नको

हे वाक्य आम्ही वर्गातही सांगतो. टर्पेंटाइन पाण्यासारखं पारदर्शक असतं आणि बहुतेक घरांत ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेलं असतं. उन्हातून आलेलं मूल तहानेने तीच बाटली तोंडाला लावतं. असं झालं तर उलटी करवू नका. उलटी होताना टर्पेंटाइन फुप्फुसात जाऊ शकतं आणि तो धोका मोठा आहे. 108 ला फोन करा, बाटली सोबत घ्या आणि मुलाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. टर्पेंटाइन मूळ डब्यातच, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

ऑइल पेंटची फडकी चुरगळून ढीग करून ठेवू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाऱ्यात आपोआप आग लागू शकते. फडकी पसरून बाहेर सुकवा.

खराब रंगाचं काय करायचं?

नाली, ओढा, विहिरीजवळची जागा यांत रंग ओतू नका. आपल्याकडचं पाणी शेवटी सिंदफणेला आणि माजलगावच्या धरणालाच जाऊन मिळतं. पाण्याचा रंग माती किंवा भुशात कालवून उघड्यावर, पण मुलं-जनावरांपासून दूर सुकवा आणि घट्ट झाल्यावर कचऱ्यात द्या. ऑइल पेंट आणि त्याचे डबे वेगळे ठेवा. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात मोजले होते. असे डबे धान्य किंवा पाणी साठवायला वापरू नयेत.

आणि रंग चांगला असेल, पण आपल्याला नको असेल, तर डब्यात पडू देऊ नका. एक लिटर प्लास्टिक पेंटमध्ये दोन हात धरून अंदाजे पन्नास-साठ चौरस फूट भिंत निघते. शेजारच्या एखाद्या घरची चुलीमागची भिंत, अंगणवाडीचा एक कोपरा, कब्रस्तानच्या खोलीचं दार तेवढ्यात होऊन जातं. पण देतानाही आधी वरच्या पाच तपासण्या करा. जो रंग आपण आपल्या भिंतीला लावणार नाही, तो दुसऱ्यालाही देऊ नये.