कर्मवीरांची झोळी आणि दात्यांचा विश्वास

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी लिहिण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने केली, तेव्हा मनात प्रथम आले ते पावतीपुस्तक. कोणतीही शिक्षणसंस्था इमारतीच्या आधी पावतीपुस्तकात जन्माला येते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या गादीवर बसणारा व्यापारी. म्हणून विद्वत्तेचा दावा न करता, मागणारा आणि देणारा यांच्या नात्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करतो.

या इतिहासातील सर्वांत उज्ज्वल नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यानंतर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. समाजाच्या औदार्याचा लाभ आणि त्या औदार्याची मर्यादा, दोन्हींचा अनुभव त्यांना अशा रीतीने कोवळ्या वयातच आला.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. फिरत्या विक्रेत्याला घराघराची ओळख होते, कोणाची ऐपत किती आणि कोणाचे मन किती हे कळते. हीच ओळख पुढे त्यांचे भांडवल ठरली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्याला आले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

भाऊरावांच्या झोळीकडे व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले असता चार गोष्टी ध्यानात येतात.

पहिली, मागण्याआधी त्यांनी स्वतःच्या घरचे दिले. वसतिगृहातील मुलांच्या भोजनासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याच्या घरातील सोने गेले आहे, त्याला रिकाम्या हाताने परत पाठविणे कोणालाही सोपे नसते.

दुसरी, त्यांनी लहान दात्याला मोठा मान दिला. मुष्टिफंडाच्या योजनेत गृहिणी रोज मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला ठेवीत. त्या धान्याची किंमत किरकोळ असेल, परंतु रोज मूठ बाजूला काढणारी माता ती शाळा आपलीच मानू लागे. एकरकमी देणगी एकदाच येते; मुठीचे नाते मात्र रोज नवे होते.

तिसरी, विद्यार्थ्यालाही त्यांनी दाता केले. ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीत मुले श्रम करून शिकत. आपल्या पैशाने मुले आळशी होत नाहीत, याची साक्ष देणगीदाराला डोळ्यांनी मिळे.

चौथी सर्वांत अवघड. देणगीसाठी त्यांनी तत्त्व विकले नाही. मोठ्या रकमेच्या बदल्यात शिवछत्रपतींचे नाव बदलण्याची सूचना आली असता त्यांनी ती बाणेदारपणे धुडकावली, असे आवर्जून सांगितले जाते. स्वातंत्र्यानंतर सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा आधार दिला तो सामान्य जनतेने, आणि संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. अनेक हातांनी धरलेली संस्था एका हाताने सोडल्यास पडत नाही.

हा आदर्श फार दूरचा नाही. आपल्या शेजारच्या कारंजा येथे १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंदजी, म्हणजेच पुढील काळातील मुनिश्री समंतभद्र महाराज, यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. त्याच परंपरेतील बाहुबली येथील गुरुकुल कर्मवीरांच्या कुंभोजजवळ उभे आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीस स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाखा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही आहेत. वऱ्हाडची भूमी दानाला कधीच परकी नव्हती.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. अनेक वर्षांपूर्वी एका शैक्षणिक निधीसाठी आम्ही काही मंडळी वर्गणी गोळा करीत होतो. एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने आधीच्या खेपेस चांगली रक्कम दिली होती, म्हणून पुन्हा त्यांच्या पेढीवर गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा दिला आणि शांतपणे विचारले, “मागच्या पैशातून किती मुले शिकली?” आम्हा कोणाजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या नावाचा दगड आम्ही भिंतीत बसविला होता, परंतु त्यानंतर एक साधे पत्रही त्यांना पाठविले नव्हते. त्यांनी या वेळीही देणगी दिली, पण पूर्वीच्या निम्मी. ती उरलेली निम्मी रक्कम म्हणजे आमच्या गमावलेल्या विश्वासाची किंमत होती. दुकानात ग्राहकाच्या एका मीटरचा हिशेब ठेवणारा मी, तेथे मात्र चुकलो होतो.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी निवर्तले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला होता. मागे खासगी संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. होता तो वटवृक्ष, जो रयतचे बोधचिन्ह आहे.

आपल्या शास्त्रांत आहारदान, औषधदान, अभयदान यांच्याबरोबर ज्ञानदानाचा महिमा सांगितला आहे. दान देऊन विसरावे हे दात्याला शोभते. दान घेऊन विसरावे हे संस्थेला शोभत नाही. म्हणून ट्रस्टने दरवर्षी महावीर जयंतीस प्रत्येक लहानथोर देणगीदाराच्या हाती वर्षाचा जमाखर्च आणि मदत मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या द्यावी, आणि त्या विद्यार्थ्यांत आपल्या समाजाबाहेरील गरजू मुलांनाही स्थान असावे, अशी नम्र सूचना करतो. असे झाले तर शतकमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्याला माझ्यासारखी कबुली द्यावी लागणार नाही.

जय जिनेंद्र.